मे महिन्यात जा

प्रिय मुली,

तुझा परवाचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. सकाळी चहा निवेपर्यंत मी तोच वाचत बसलो होतो. फोनवर एवढं लांब लिहिणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर विचार.

कॉलेजच्या निसर्ग मंडळाचं सचिवपद सोडू का, असा तुझा प्रश्न. कारणं सात दिलीस. पाचशे रोपांचं टार्गेट, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत यंदाची रोपं, पाहुणे येईपर्यंत उन्हात उभी केलेली मुलं, ‘जिओटॅग फोटो नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलला लागतात, तेवढे नीट काढ’ हे वाक्य, वगैरे. सगळी खरी आहेत. फ्लेक्सबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पर्यावरण दिनाला पीव्हीसीचा बारा फुटी फलक लावतात, हे आपण दोघांनी एकमेकांना सांगून काय मिळवायचं?

मी तुला एकच विचारतो. गेल्या ५ जूनला तू एफवायला होतीस. फोटोत तूही खड्ड्याशी वाकलेली दिसतेस. ते रोप कशाचं होतं? आणि आज ते कुठे आहे?

तुझ्या सात कारणांत हे कुठेच नाही. मला राग आला तो याचा.

आज १९ मे. आपल्या माळावर दुपारी उभं राहवत नाही, म्हणजे हीच जायची वेळ. राजीनामा लिहायच्या आधी जा. मे महिन्यात जा. जूनमध्ये सगळे जातात, ऑगस्टमध्ये गेलीस तर गवतामुळे सगळंच हिरवं दिसतं आणि मन खूश होतं. खरं काय ते मे सांगतो.

मुळात ५ जून ही आपली तारीखच नाही. १९७२ साली स्टॉकहोमला परिषद सुरू झाली तो हा दिवस. स्टॉकहोमला मृगाचं काय सोयरसुतक! इथे ५ जूनला मृग निघालेलासुद्धा नसतो. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव जुलैत ठेवला, ते शेतीखात्याचे मंत्री होते म्हणून. आपण जूनच्या पाच तारखेला तापलेल्या मुरमात रोप उभं करतो, टँकर एकदा येतो, पाहुण्यांची गाडी वळते आणि टँकरही वळतो.

मी हे कुत्सितपणे लिहितोय असं वाटलं तर लक्षात घे, एकोणीस वर्षं तो टँकर मीच बोलावत होतो.

माझं पहिलं वृक्षारोपण १९८७ चं. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. कॉलेजमागच्या माळावर आम्ही दीड बाय दीडचे चारशे खड्डे घेतले. पहार आपटली की ठिणगी उडायची, असला मुरूम. मुलांच्या हाताला फोड आले, मला कमालीचा अभिमान वाटला. पुढच्या मेमध्ये मी सहज, म्हणजे खरंच सहज, फिरायला म्हणून तिकडे गेलो. एक वाळलेली करंजाची काडी उपटली. तिच्याबरोबर काळी पिशवी आख्खी वर आली. कोणीतरी पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात ठेवलं होतं. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून, पिशवीच्या आकाराची होऊन वाळली होती. सुतळीचा गुंडा असतो ना, तशी. मग मी दुसरं उपटलं. तिसरं. त्या संध्याकाळी किती पिशव्या निघाल्या ते मी वहीत लिहिलं आहे. तुला दाखवीन, पण इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी दर मेला जातो. मधली काही वर्षं सोडून.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. तू म्हणतेस, ‘सर, खोटेपणा सहन होत नाही.’ बरं. १९९८ च्या पर्यावरण दिनाला माझ्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती. आदल्या वर्षी लावलेली ४००, जगलेली ६१. मी स्वतः मोजलेली. आभार मानायला उभा राहिलो, खिशाला हात लावला आणि म्हणालो, ‘गेल्या वर्षीची बहुतांश झाडे आज डौलाने उभी आहेत.’ टाळ्या पडल्या. त्या वर्षी माझी निवडश्रेणीची, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीची, फाइल अडकलेली होती आणि ती ज्यांच्या टेबलावर होती ते पहिल्या रांगेत बसले होते. घरी कर्ज होतं, आईचं आजारपण होतं. यातलं एकही कारण खोटं नाही. तरी एकसष्ट हा आकडा सत्तावीस वर्षं माझ्या खिशातच आहे.

यंदा तू तसा आकडा वाचावास असं मला वाटतं. पद सोडलंस तर तुला माईक कोण देणार? सचिव म्हणून प्रास्ताविक तुझंच आहे. त्यात एकच वाक्य घाल: गेल्या वर्षी इतकी लावली, या मेमध्ये इतकी जिवंत आहेत. टोमणा नको, आवाज चढवायला नको, कुणाचं नाव नको. हजेरी वाचावी तसं वाच. २०१६ च्या १ जुलैला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली, मग चार कोटी, तेरा कोटी, २०१९ ला ३३ कोटी. लावण्याचे आकडे आपल्याला पाठ असतात. मेचा आकडा आपल्या गावात कुणी मोठ्याने वाचलाय का, ते सांग.

मोजायला अक्कल लागत नाही, चप्पल लागते. मे महिन्यात जा.

पण नुसते खड्डे मोजून परत येऊ नकोस. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो आणि ही चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. त्या एकसष्टांत बहुतेक सुबाभूळ होती. त्या काळी सुबाभूळ म्हणजे वरदान. चारा, सरपण, नत्र, सगळं एकाच झाडात. शिवाय जगते! आम्हाला जगणारं झाड हवं होतं. पुढच्या वर्षी आम्ही तीच लावली, तिच्या जोडीला उंदीरमारी. माझा मेमधला आकडा सुधारत गेला आणि मी खूश होत गेलो. आज त्या उतारावर सुबाभळीची शेंग फुटेल तिथे सुबाभूळ आहे, तिच्याखाली गवताची काडी नाही.

आणि तिथे काय होतं? माळ होता. पवना, मारवेल, कुसळी ही गवतं. कुसळं पायमोज्यात घुसायची आणि मुलं वैतागायची. चंडोल होते, खोकडाचं बीळ होतं. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले धनगर पावसाच्या तोंडावर परत वर यायचे तेव्हा त्यांची मेंढरं याच माळावर असायची. सरकारी दप्तरात याचं नाव पडीक. मीही वर्गात पडीकच शिकवलं. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यासाठी १९९७ साली केलेलं. तिथे मी मुलांची सहल नेत होतो, ‘बघा, हा गवताळ प्रदेश’ म्हणून सांगत होतो, आणि परत येऊन कॉलेजमागच्या तसल्याच माळावर खड्डे घेत होतो. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक!

मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. ते खरं नाही. १९८७ च्याच जुलैत एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून आमचं काम बघत उभा होता. म्हणाला, ‘मास्तर, हितं झाडं केल्यावर मेंढरं कुठं चारायची?’ मी त्याला अतिचराईवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्याने ऐकून घेतलं, शेवटी ‘बरं’ म्हणाला आणि गेला. त्याची मेंढरं आता कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही. तू विचार. तुझ्या वर्गात त्या वाडीवरची दोन मुलं आहेत, तूच लिहिलंस.

यंदा खड्डे घ्यायला जेसीबी मेअखेरीस माळावर येणार, असं तुझ्या मेसेजमध्ये ओझरतं आहे. त्याच्या आधी तिथे जा. सकाळी सहाला, पाऊल बघून टाकत. माळटिटवी या दिवसांत उघड्या मुरमावरच अंडी घालते. घरटं असं नसतंच, जरा खोलगट जागा आणि चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. रंग इतका मुरमासारखा की तू त्यांच्याकडे बघत असतानाही तुला दिसणार नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर फिरायला लागली की आहे तिथेच थांब, आणि आल्या पावली मागे ये. जेसीबीवाल्याला वरून ती दिसण्याची शक्यता शून्य.

प्राचार्यांना काय सांगायचं, हे तुझं खरं दुखणं. ‘वृक्षारोपण नको’ असं म्हणू नकोस, ते ऐकूनच घेणार नाहीत, मीही घेतलं नसतं. म्हण, पाचशेऐवजी चाळीस, आणि माळाऐवजी वसतिगृहाच्या भिंतीकडेने, जिथे मेसचं भांडी धुतलेलं पाणी आयतं जातं. कडुनिंब, बोर, हिवर. आणि मृगाचा एक तरी पाऊस झाल्यावर. पाच जूनला भाषण करा, फोटो काढा, रोपं मागाहून. प्रत्येक झाडामागे दोन नावं, आणि एनएसएसचे वर्षाचे जे १२० तास भरायचे असतात त्यातले तास एप्रिल-मेच्या पाण्याला. मुलं परीक्षा देऊन घरी जातात, हीच झाडांच्या मरणाची वेळ. म्हणून जी माणसं मेमध्ये इथेच असतात त्यांना आधी विचार: मेसच्या मावशी, वॉचमन, भिंतीपलीकडची वस्ती.

माझं एकमेव यश याच वाटेने आलं आणि त्यात माझा हात नव्हता. दत्तक गावातल्या शिबिरात आम्ही झेडपी शाळेच्या आवारात बावीस झाडं लावली. सात दिवस राहिलो, समारोप केला, आलो. अकरा महिन्यांनी गेलो तर बावीसच्या बावीस. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज पातेलं विसळलेलं पाणी एकेका झाडाला घालत होत्या. सुट्टीत घरून कळशी आणायच्या. अहवालात माझे तीन फोटो आहेत, त्यांचा एकही नाही. आज त्या निंबांखाली पंगत बसते.

आणखी एक. गणपतीच्या कार्यक्रमाबद्दल तू उत्साहाने लिहिलंस म्हणून. प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढली, रसायनशास्त्र विभागाने ती आपल्याकडे करावी, ही तुझी कल्पना उत्तम. खाली खडूसारखा गाळ (कॅल्शियम कार्बोनेट) बसतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते खत म्हणून चालतं. आम्हीही एकदा फाटकाशी तीन पिंपं मांडली होती. अनंत चतुर्दशीला रांग लागली, आरत्या झाल्या, पेपरला बातमी आली. तिसऱ्या दिवशी शिपाई नाकाला उपरणं लावून मला बोलवायला आला. अमोनियाने डोळे चुरचुरत होते, तळाशी पांढरा राडा, मधून एक सोंड वर आलेली. ते पाणी कुणाच्या शेतात जाणार, ते आम्ही ठरवलंच नव्हतं. तेव्हा तुझं पोस्टर नंतर होऊ दे. आधी तो शेतकरी शोध आणि तिसऱ्या दिवशी पिंप उचलणाऱ्या चार जणांची नावं लिहून घे. तुझं स्वतःचं पहिलं.

पदवीला तुम्हाला पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला तो वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ साली दिलेल्या आदेशामुळे. आणि प्रकल्प म्हणून मुलं सीनियरच्या फायलीचं मुखपृष्ठ बदलून देतात, हे मी वर्षानुवर्षं तपासलंय, म्हणजे तपासल्यासारखं केलंय. तू यंदा माळाचा प्रकल्प दे. कुठलं गवत कुठे उरलंय, मेंढरं कुठून येतात, टिटवी कुठे बसते. गाइड मी होईन, कागदावर सही कुणाची का असेना.

शनिवारी सकाळी सहाला मागच्या फाटकाशी ये. त्या दोन मुलांनाही आण. जुनी वही मी घेऊन येतो. तिच्यात २००६ ते २०११ ची पानं कोरी आहेत, त्याबद्दल चालताना विचारू नकोस, मला दम लागतो. पायमोजे घालू नकोस, कुसळं अजून थोडी आहेत.

तुझा,
सर