टोलेडोला राहायला आल्यावर तिथले मायनर लीगचे सामने बघावेत का, की सरळ डेट्रॉईट गाठावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे तुम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा ओहायोतल्या टोलेडोला येताय, तिथे मोठ्या लीगचा एकही संघ नाही, सगळे 'मायनर', मग त्यांच्यासाठी वेळ आणि पैसे घालवावेत का.

घालवा. डेट्रॉईट गाडीने तासाभरावर आहे, तिकडे जालच. पण आधी इथला बेसबॉलचा संघ, मड हेन्स, बघा.

मी मूळचा कोल्हापूरचा. टोलेडोच्या एका उपनगरात राहून बारा वर्षं झाली, आणि पहिली दोन वर्षं मी मैदानाकडे फिरकलोसुद्धा नाही. 'मायनर' म्हटलं की वाटायचं, उरलीसुरली पोरं खेळत असणार. त्यात बेसबॉल! क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला त्याचा रागच येतो. चेंडू टप्पा खात नाही, फलंदाज चार-पाच चेंडूंत परत जातो, आणि लोक हॉटडॉग खात निवांत बसलेले. ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं तेव्हा गेलो.

नावापासून सांगतो, कारण मला त्या संघाची ओढ लागली ती नावामुळे. मड हेन म्हणजे शब्दशः चिखलातली कोंबडी. १८९६ साली इथला संघ बे व्ह्यू पार्क नावाच्या जागी खेळायचा, शेजारी दलदल, आणि तिथे काळ्या पाणपक्ष्यांचे थवे. त्यांच्यावरून हे नाव पडलं. मी तो पक्षी टोपीवर पाहिला आणि ओळखीचा वाटला. घरी येऊन शोधलं तर आपल्या तळ्यांवर दिसणारा, अंगाने काळा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला जो पक्षी, त्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. त्याला मराठीत काय म्हणतात माहितीये? वारकरी. (काही भागांत चांदवा.) तेव्हापासून आमच्या घरात संघाचं नाव 'टोलेडो वारकरी' असंच आहे. आई इथे आली होती तेव्हा तिला हे सांगितल्यावर तिने पूर्ण नऊ डाव बसून काढले, एक नियम कळत नसताना.

आता 'मायनर' म्हणजे काय ते. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ, म्हणजे एकूण १२०. २०२१ च्या फेररचनेआधी ते १६० होते, आणि ती कात्री लागली तेव्हा कित्येक लहान गावांचे संघ गेले. टोलेडो सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, ट्रिपल-ए. इथला खेळाडू एका फोनवर डेट्रॉईट टायगर्स या मेजर लीगच्या संघाकडे जाऊ शकतो. मड हेन्स १९८७ पासून सलग टायगर्सशी जोडलेले आहेत.

यातली गोम कोल्हापूरच्या माणसाला पटकन पचत नाही. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा फुटबॉलचा सामना असला की पोरगं कुठल्या तालमीचं हे आधी बघतात, खेळ नंतर. पोरगं पेठेचं असतं. इथे खेळाडू गावाचा नसतोच. त्याच्याशी करार डेट्रॉईटचा, पगार डेट्रॉईट देणार, त्याला कधी खेळवायचं आणि किती चेंडू टाकू द्यायचे हेही डेट्रॉईट ठरवणार. सामना रंगात आलेला असताना चांगला गोलंदाज काढून घेतात, कारण वरून हिशेब आलेला असतो. टोलेडो जिंकलं काय नि हरलं काय, वरच्यांना फारसं सोयरसुतक नसतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

मग हळूहळू लक्षात आलं की बघायचं ते हेच. समोरचा प्रत्येक जण कुठेतरी निघालेला असतो. स्पेन्सर टॉर्केलसनचं उदाहरण घ्या. २०२० च्या खेळाडू-निवडीत अख्ख्या देशात पहिल्या क्रमांकाने डेट्रॉईटने घेतलेला मुलगा. २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये बॅट चालेना, जुलैत टोलेडोला परत पाठवला. २०२३ मध्ये तिकडे ३१ होमरन (आपला षटकार समजा). २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा टोलेडो. २०२५ मध्ये पुन्हा ३१ होमरन. टीव्हीवर वरची वर्षं दिसतात. मधले महिने इथे दिसतात, आणि तेही वीस-पंचवीस फुटांवरून. एवढा गाजलेला खेळाडू दोनदा खाली आल्यावर सरावाला कसा उतरतो, चेंडू हुकला की कुठे बघतो, हे मी इथेच पाहिलं. वरचे दुखापतग्रस्त खेळाडूही बरे होताना दोन-चार सामने इथे खेळून जातात.

पगाराचंही ऐकून ठेवा. २०२२ पर्यंत ट्रिपल-एमध्ये किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता. खेळाडूंनी संघटना बांधली, २०२३ मध्ये पहिला करार झाला आणि तो ३५,८०० वर गेला. म्हणजे कालपर्यंत ज्याला तुम्ही टाळ्या वाजवत होता तो बहुधा तुमच्या ऑफिसातल्या नवशिक्यापेक्षा कमी कमावत होता.

आणि एक जण असाही होऊन गेला जो कुठे पोचला नाही असं म्हणतात, मला ते पटत नाही. माईक हेसमन. मेजर लीगमध्ये एकूण १०९ सामने, १४ होमरन. मायनर लीगमध्ये ४३३, अमेरिकेच्या मायनर लीगच्या इतिहासात सर्वाधिक. ४३३ वा, विक्रम मोडणारा, त्याने ऑगस्ट २०१५ मध्ये मड हेन्सच्याच कपड्यांत मारला, तोही तिन्ही बेस भरलेले असताना. म्हणजे एका फटक्यात चार धावा. असा विक्रम करायचा तर वरच्यांनी तुम्हाला वीस वर्षं पुरेसं चांगलं मानायचं नाही, आणि तुम्ही वीस वर्षं थांबायचं नाही. टोलेडोत त्याचं नाव काढून बघा, लोक गाडी थांबवून बोलतात.

खेळाडू आपले नाहीत, मग गावाचं काय? मैदान आणि संघ. मड हेन्सची मालकी एखाद्या धनाढ्याकडे नाही, लुकस काउंटीकडे आहे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडे. संस्था नफ्यासाठी चालत नाही. याचं मूळ १९६५ मध्ये आहे. त्याआधी जवळपास दहा वर्षं शहरात संघच नव्हता. जुनं स्वेन फील्ड १९५६ मध्ये पाडून तिथे दुकानं उभी राहिली होती. मग नेड स्केल्डन या काउंटीच्या पुढाऱ्याने खटपट करून संघ परत आणला आणि शेजारच्या मॉमी गावातल्या जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या जागेवर मैदान करून दिलं. संघ २००१ पर्यंत तिथे खेळला.

२००२ मध्ये शहराच्या मध्यावर नवं मैदान झालं, फिफ्थ थर्ड फील्ड. हे बँकेचं नाव आहे. एक थर्ड नॅशनल आणि एक फिफ्थ नॅशनल, दोन बँका एकत्र झाल्या आणि नाव असं पाच-तृतीयांश झालं. (तुमचा मुलगा अपूर्णांक शिकत असेल तर त्याला आताच सावध करा.) साधारण दहा हजार तीनशे माणसं बसतात. जुन्या गोदामांच्या वस्तीत मैदान असं कोंबलंय की उजव्या कोपऱ्यात एका जुन्या इमारतीला वळसा घालून खुर्च्या लटकवल्यात. त्या जागेला 'रूस्ट' म्हणतात, कोंबड्या रात्री बसतात ती जागा. शक्य झालं तर एकदा तिथलं तिकीट काढा. खेळ तिरका दिसतो, पण आपण कुणाच्या तरी माडीच्या सज्ज्यात बसून सामना बघतोय असं वाटतं.

मैदानालगत फ्लीटवूड्स टॅप रूम नावाचं खाण्यापिण्याचं ठिकाण आहे. त्या नावामागचा माणूस मुलाला नक्की सांगा. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, १८८४ मध्ये टोलेडोकडून ४२ सामने खेळला. त्या वर्षी टोलेडोचा संघ स्वतः मेजर दर्जाच्या लीगमध्ये होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडली असं सगळे शिकतात ते १९४७ चं, त्याच्या त्रेसष्ट वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच्याच संघातला गोलंदाज टोनी मुलेन वॉकरच्या खुणा मुद्दाम पाळायचा नाही. कुठला चेंडू येणार हे कळायला मार्ग नाही आणि तरी तो पकडायचा. पुढे म्हातारपणी मुलेननेच कबूल केलं की इतका चांगला कॅचर आपल्याला दुसरा मिळाला नाही. त्या हंगामानंतर मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना जी बंद झाली ती रॉबिन्सनपर्यंत.

हिवाळ्यात काय? आइस हॉकी. टोलेडो वॉलआय. ते खेळतात ती ईसीएचएल ही लीग हॉकीच्या मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. हा संघही मड हेन्सच्याच संस्थेकडे. २००९ मध्ये बांधलेल्या हंटिंग्टन सेंटरमध्ये खेळतात, ते बेसबॉलच्या मैदानापासून चालत जाण्याइतकं जवळ. खरं सांगू, मला हॉकीतलं फार कळत नाही. पण आवाज! बंदिस्त जागेत सात हजार माणसं, आणि काचेवर माणूस आदळला की तुमच्या खुर्चीला कळतं. तिन्ही वेळा, २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये, अंतिम फेरीत जाऊन हरले. केली कप, म्हणजे त्या लीगचा विजेत्याचा चषक, अजून आलेला नाही, आणि त्यावरून इथले लोक जे चिडतात ते बघून मला पेठेतल्या पारावर बसल्यासारखं वाटतं.

वॉलआय हा मासा आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो एरी सरोवरातून अंडी घालायला मॉमी नदीत चढतो, तेव्हा शेकडो माणसं छातीपर्यंतची रबरी विजार चढवून गार पाण्यात गळ टाकून उभी असतात. बायको मालवणची. गोड्या पाण्यातला म्हणून आधी तिने नाक मुरडलं, मग तिरफळं घालून तिखलं केलं, आणि नंतर त्या विषयावर काही बोलली नाही.

काही किरकोळ गोष्टी. मालिका मंगळवार ते रविवार सहा सामन्यांची असते, सोमवारी सहसा सामना नसतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी नदीवरून जे वारं येतं त्याने हाडं गोठतात, घोंगडं न्या. लाजू नका, सगळे आणतात. शाकाहारी असाल तर पॉपकॉर्न, फ्राईज आणि नाचोजवर भागवावं लागेल, घरून जेवून निघालेलं बरं. आतषबाजीचे दिवस वेळापत्रकात आधी बघा. मी एकदा मुलीला झोप येतेय म्हणून सातव्या डावात निघालो आणि गाडीतून मागच्या काचेत आतषबाजी बघितली. तिने ते अजून माफ केलेलं नाही. पंचाच्या निर्णयावर फलंदाज हेल्मेटवर टकटक करताना दिसला तर ती यंत्राकडे मागितलेली दाद, आपल्या डीआरएससारखी. ती पद्धत आधी इथल्यासारख्या मैदानांवर करून बघितली आणि २०२६ पासून मेजर लीगने घेतली.

डेट्रॉईटला वर्षातून एकदा जा, मोठं मैदान बघण्यासारखं आहेच. पण तिकिटं, पार्किंग, जाणं-येणं धरून तेवढ्या पैशांत इथे तुमचे अनेक सामने होतील, आणि पोराला इथे खेळाडू नावाने हाक मारून चेंडूवर सही देतात.

एकच सांगणं, मुलाला आवडत्या खेळाडूचं नाव छापलेला शर्ट घेऊन देऊ नका. आमच्या मुलीने हट्टाने शनिवारी घेतला. मंगळवारी तो डेट्रॉईटला गेला. टोपी घ्या, टोपीवर फक्त पक्षी असतो.