वाचकांचे प्रश्न : हिशेब आणि चीड

प्रश्न : सर, मी नागपूरला एम.ए. इकॉनॉमिक्स करते. गेम थिअरीत माणूस एकदम हिशेबी, बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात ते बघणाऱ्या विषयात, तोच माणूस भावनेत वाहणारा. मग दोन्ही एकाच सेमिस्टरला काहून शिकवतात? यातलं खरं कोणतं?

उत्तर : बेटा, भांडण नाहीच आहे दोघांत. माझा फायदा समोरच्याच्या चालीवर अवलंबून असेल तर मी काय करावं, एवढंच गेम थिअरी विचारते. फायदा म्हणजे फक्त पैसा असं ती म्हणत नाही, ते आपणच धरून चालतो.

काटोलकडचा संत्र्याचा बगीचा घे. व्यापारी येतो, अख्ख्या बगीच्याचा एकच पडेल भाव सांगतो, द्यायचा तर दे नाहीतर चाललो. काहीच न मिळण्यापेक्षा तेवढे घेतलेले बरे ना, पण शेतकरी म्हणतो माल झाडाखाली सडला तरी चालेल, तुले नाही देत.

1982 मध्ये जर्मनीत ग्युथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने आणि सोबत्यांनी असाच खेळ प्रयोग म्हणून खेळवला, अल्टिमेटम गेम. एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं, नाही म्हटलं की दोघांनाही शून्य. नुसत्या पैशाच्या हिशेबाने दुसऱ्याने एक रुपयाही घ्यायला पाहिजे. पण पुढे कित्येक ठिकाणी हा खेळ झाला आणि बहुतेक जागी लोक साधारण 40 ते 50 टक्के देऊ करतात, 20 टक्क्यांच्या खाली गेलं की समोरचा बरेचदा लाथाडतो.

आता तू म्हणशील, शेतकऱ्याची पुढच्या वर्षी याच व्यापाऱ्याशी गाठ आहे, आज नमला तर दरवर्षी नमावं लागेल, म्हणजे त्याचा नकारही हिशेबीच झाला. एकदम बरोबर, आणि हे गेम थिअरीच सांगते, पुन्हापुन्हा खेळायचा डाव वेगळा असतो. म्हणून तर प्रयोगात अनोळखी माणसासोबत एकदाच खेळवतात, तिथे पुढचं वर्षच नाही, आणि तरी लोक नाही म्हणतात! मला या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. 1999 मध्ये फेर आणि श्मिट या अर्थशास्त्रज्ञांनी ही चीडच गणितात घातली, त्याला जास्त मला कमी, हे मनाला जेवढं लागतं तेवढं फायद्यातून वजा करा म्हणाले. म्हणजे गणित गेम थिअरीचं आणि त्यातला माणूस प्रयोगात दिसलेला.

वर्गात करून बघ. नाव न लिहिता चिठ्ठ्या वाट, 100 रुपयांपैकी 10 मिळाले तर घेणार का विचार, आणि किती जण नाही लिहितात ते मोज.