वडगावातला नवा फ्लॅट आणि शेजारचे माग

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची खानापूर तालुक्यातली, मिस्टर बेळगावात उद्यमबागला कारखान्यात कामाला आहेत. आधी आम्ही अनगोळला जुन्या कौलारू घरात दोन खोल्यांत भाड्याने होतो, पण मालकांनी ते घर पाडून अपार्टमेंट करायला दिलं, मग गेल्या महिन्यात वडगावला एका नव्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके घेतला. भाडं ९ हजार, डिपॉझिट ५० हजार फोनवरून पाठवलं. घर छान आहे, उजेड आहे, लिफ्ट आहे, पण तीन गोष्टींनी झोप उडालीय बघा. आमच्या फ्लॅटला वेगळा मीटरच नाही, सगळी बिल्डिंग बिल्डरच्या टेम्पररी कनेक्शनवर चाललीय आणि मालक युनिटमागे १२ रुपये घेतात, आणि येताना मात्र दोनशे युनिट फ्री मिळतील म्हणून सांगितलेले. दुसरं, अॅग्रीमेंट कन्नडमध्ये आहे, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, सगळे करतात तुम्हीपण सही करा म्हणून मागे लागलेत. आणि तिसरं म्हणजे भिंतीला लागून विणकरांचं घर आहे, त्यांचे माग रात्री साडेदहा-अकरापर्यंत खटखट चालतात. बिल्डिंगमधल्या ओनर लोकांनी माग बंद करा म्हणून अर्ज लिहिलाय, त्यावर आमची सही हवीय. त्या घरातल्या आजी पहिल्याच दिवशी मला कढीपत्ता देऊन गेल्या हो. सही कशी करू? नाही केली तर मालक घर खाली करा म्हणतील का?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : आधी मीटरचं बोलूया, कारण तुमची बाकीची अडचण पण तिथेच येऊन मिळते. नवी बिल्डिंग अजून टेम्पररी लाईटवर चाललीय म्हणजे बहुतेक वेळा तिला ओसी, म्हणजे महापालिकेचं राहायला परवानगी दिल्याचं पत्र, मिळालेलं नसतं. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की वीज, पाणी, गटार यांची कनेक्शनं ओसी बघूनच द्यायची, त्यामुळे पूर्वी जे "नंतर बघू" म्हणून चालून जायचं ते आता अडतंय, आणि त्याचा भुर्दंड भाडेकरूच्या डोक्यावर येतोय. मालकांना सरळ विचारा, ओसी आलीय का, आली असेल तर कॉपी दाखवा, नसेल तर अर्ज कुठे अडकलाय. विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा, तुमचे ५० हजार गुंतलेत तिथे.

दोनशे युनिटचं म्हणाल तर गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, भाडेकरूला मिळते, ही गोष्ट खरी. जुलै २०२३ च्या वापरापासून ती सुरू आहे, आणि मीटरचा ग्राहक नंबर, आधार आणि भाड्याचं अॅग्रीमेंट घेऊन सेवासिंधू या सरकारी वेबसाइटवर किंवा कर्नाटक वन केंद्रात अर्ज होतो. पण ती घरगुती मीटरलाच आहे, टेम्पररीला नाही. आणि अजून एक गोष्ट जी घर दाखवणारे कधी सांगत नाहीत, दोनशे ही वरची मर्यादा आहे, प्रत्येकाला दोनशे फुकट असं नाही. ज्याचा जुना वापर जेवढा त्याच्यावर थोडं वाढवून मिळतं, आणि नव्या कनेक्शनला जुना वापरच नसतो म्हणून राज्याची सरासरी, ५३ युनिट, धरून हिशेब सुरू झाला होता. आणि दोनशेच्या वर गेलात तर अख्खं बिल भरायचं. तेव्हा महिन्याचा खर्च मांडताना लाईट फुकट धरू नका. तोपर्यंत मालक १२ रुपये घेतात ना, तर त्यांना येणाऱ्या बिलाचा फोटो दर महिन्याला मागा आणि वाटणी त्यावरून करा, टेम्पररीचा दर घरगुतीपेक्षा जास्त असतोच पण किती जास्त ते बिलावर दिसतं की.

आता अॅग्रीमेंट. वाचता येत नाही त्या कागदावर सही करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आपल्या सीमाभागात हे रोजचं आहे, बाजारात, बसमध्ये आपण कन्नड फाडफाड बोलतो पण कागद समोर आला की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. दोन माणसांमधला भाडेकरार कोणत्याही भाषेत चालतो, तेव्हा इंग्लिश किंवा मराठी कॉपी मागा, नाहीच म्हणाले तर शेजारच्या एखाद्या नववी-दहावीच्या पोराला बसवून ओळ न् ओळ वाचून घ्या, ही पोरं शाळेत कन्नड शिकलेली असतात, आणि त्याने सांगितलं तसं बाजूला मराठीत लिहून ठेवा.

कागद एवढा महत्त्वाचा का तेपण सांगते. लोक म्हणतात भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, पण कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा महिना ३,५०० रुपयांच्या वरच्या घरांना, मोठ्या शहरांतसुद्धा, लागू नाही, इतर ठिकाणी ती हद्द २,००० आहे. ९ हजारांचा फ्लॅट त्यात कुठला बसायला! मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुमचं अॅग्रीमेंट. त्या कायद्यात महिन्या-महिन्याच्या भाड्याला दोन्हीकडून १५ दिवसांची नोटीस आहे, पण कागदावर वेगळी मुदत लिहिली असेल तर ती चालते, म्हणून दोन महिन्यांची लिहून घ्या. म्हणजे आज रागावले आणि उद्या खाली करा असं होणार नाही. कोल्हापूर-पुण्याकडची पाहुणी मंडळी तुम्हाला लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा म्हणून सांगतील, तो महाराष्ट्राचा नियम. आपल्याकडे वर्षाच्या वरचा करार रजिस्टर करावा लागतो, त्यामुळे सगळे ११ महिन्यांचा करतात, तो ई-स्टॅम्पवर दोन साक्षीदारांसह करून घ्या.

त्यात डिपॉझिटचा आकडा आणि तो कधी परत, हे आलंच पाहिजे. तुम्ही पैसे फोनवरून पाठवलेत ते बरं झालं, त्याचा स्क्रीनशॉट मेलवर टाकून ठेवा. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेऊ नये असं आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू, त्यामुळे भांडायला नको, बोलायला मात्र उपयोगी पडतो. रोजच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी नाही हे १८८२ च्या कायद्यातच आहे, तेसुद्धा लिहून घ्या, कारण नव्या बिल्डिंगच्या भिंती पहिल्या पावसाळ्यात ओल धरतात आणि जाताना पेंटिंगचे पैसे कापतात. आजच सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, बाथरूमच्या मागची भिंत विसरू नका.

आता मागांचं. ताई म्हणून माझं मत विचारलंत तर सही करू नका. वडगाव, खासबाग, शहापूर हा पट्टाच विणकरांचा, शहापुरी साडीचं नाव इथूनच गेलं, आणि त्या आजींच्या घरात माग चालायचा तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या जागी काय होतं ते त्यांनाच विचारा. नंतर येऊन बसलेल्यांनी आधीच्याचं पोट बंद करा म्हणायचं हे मला पटत नाही. पण झोप तुमचीही खरी आहे. आवाजाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६ धरलीय, राहत्या वस्तीत तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे दहानंतर माग थांबवा असं म्हणायला तुम्हाला आधार आहे, पूर्ण बंद करा म्हणायला नाही. अर्जावाल्यांना सांगा, आम्ही भाडेकरू, असोसिएशनचे मेंबर नाही, ओनरचा अर्ज ओनरनी द्यावा, आणि तुम्ही स्वतः एक दिवस चार वाजता त्या घरी जा, आजींशी बोला, फर्स्ट शिफ्ट असली की मिस्टरांना झोप पुरते का नाही ते सांगा. दहाच्या आत उरकतो म्हणणारी माणसं आहेत ती, मालाची घाई असेल त्या आठवड्यात जरा इकडेतिकडे होईल.

आणि गेलाच आहात तर त्यांना पावसाचंही विचारून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या भागात घराघरांत पाणी शिरलं होतं, बळ्ळारी नाला भरला की पाणी कुठल्या गल्लीत कुठवर चढतं हे बिल्डरच्या नकाशात नसतं, मागाच्या खड्ड्यातून बादलीने पाणी उपसलेल्या माणसाला ते पायरीनिशी ठाऊक असतं. तुमची टू व्हीलर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लावता का? जूनच्या आधी विचारा.