गणपती मंडळातूनच नगरसेवक कसे काय तयार होतात?

कारण वर्गणीचं पावतीपुस्तक, बाकी काही नाही. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं ते घेऊन गल्लीतलं प्रत्येक दार वाजवतं, कोण 501 देतो, कोण 51 देऊन वर लेक्चर देतो, कुणाकडे आजारपण आहे, कुठल्या भावांचं पटत नाही, सगळं त्याला पाठ होतं. म्हणजे मतदारयादीच की! पुढे मंडपाची परवानगी, पोलीस स्टेशनची मीटिंग, तात्पुरतं लाईटचं मीटर, असं करत वॉर्ड ऑफिसातले सगळे ओळखीचे होतात आणि मग नळाला पाणी नाही आलं तरी लोक त्यालाच फोन लावतात.

टिळकांनी 1890 च्या दशकात सार्वजनिक गणपतीला जोर दिला तो लोकं एकत्र यावीत म्हणूनच, त्यामुळे राजकारण आत्ता घुसलं वगैरे म्हणणं मला पटत नाही. ठाण्यात शिवसेनेच्या आनंद दिघेंनी टेंभीनाक्याची दहीहंडी आणि नवरात्र करून आख्खं शहर आपल्याशी बांधून घेतलं. आता तिथे नेत्यांच्या लाखांच्या हंड्या असतात, थर कमी बॅनर जास्त.

अभिमानाचं म्हणाल तर पुण्यात विसर्जनाला कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरीचा दुसरा, हा मान कुठल्याच पक्षाला हलवता येत नाही. मिरवणूक 24 तासांच्या वर गेली तरी नंबर तोच. आमच्या मंडळात मात्र अध्यक्षपदावरून दोन गट पडले, पुढच्या इलेक्शनला दोन्ही गटांनी वेगवेगळे पक्ष धरले, आरती अजून एकत्रच होते.