इंग्लंडमधली कॉपिस जंगलं शतकानुशतकं तोडली जात असूनही टिकली कशी?

कारण कॉपिस म्हणजे झाड मुळापासून न उपटता जमिनीलगत छाटून पुन्हा फुटू देणं. हेझल किंवा ॲशची झाडं हिवाळ्यात छाटतात, वसंतात खुंटाला फुटवे येतात आणि हेझलच्या सरळ काठ्या साधारण सात ते दहा वर्षांत पुन्हा तोडणीला येतात. न तोडलेली हेझल साधारण ७०-८० वर्षांत संपते, तोडत राहिलं तर कित्येक शतकं जगते! या काठ्यांवर गावं चालायची: कुंपणं, सरपण, कुडाच्या भिंती.

सफोक परगण्यातलं ब्रॅडफिल्ड वूड्स हे जंगल बघा. ते बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं आणि तिथली तोडणी १२५२ पासून नोंदलेली आहे. तिथल्या काही ॲशचे जुने खुंट इतके पसरलेत की मधला भाग कुजून गेलाय, उरलंय फक्त जिवंत खोडांचं कडं.

एका वर्षी जंगलाचा एकच तुकडा तोडतात. तिथे ऊन जमिनीवर पोचतं आणि प्रिमरोझ, ऑक्सलिपसारखी दबून राहिलेली फुलं उसळून येतात. शेजारच्या दाट तुकड्यात डॉरमाऊस हा उंदरासारखा छोटा प्राणी हेझलच्या बिया खातो. त्याने पोखरलेल्या कवचाला गोल, गुळगुळीत कडेचं भोक असतं, त्यावरूनच तो ओळखतात.

तोडणी थांबली की सावली दाटते आणि ही फुलं हरवतात. म्हणून कोयता-करवत बंद करणं म्हणजे संरक्षण, असं इथे मुळीच नाही.