बिबा कोणत्या टेबलावर ठेवायचा?

प्रश्न : शाळेत फळांचं प्रदर्शन भरवतो आहोत. वांगं आणि टमाटरही फळंच, असं मुलांना शिकवलं. मग संत्रं, बोर, सीताफळ आणि बिबा यांची मांडणी कशी करावी?
– एक शिक्षिका, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : गोड ते फळ आणि फोडणीला पडते ती भाजी, ही बाजारातली वाटणी. वनस्पतिशास्त्र फुलातला अंडाशय पाहतं. तो वाढून जे होतं ते फळ. वांगं, टमाटर, मिरची, केळं, पेरू ही सगळी मृदुफळं (आत टणक आठळी नसलेली), एकाच टेबलावर ठेवा. टमाटर आडवं कापा, उभ्या कापात कप्पे नीट मोजता येत नाहीत. लहान गावरान टमाटरात दोन-तीन कप्पे असतात, मोठ्या संकरितात जास्त. वांग्याचे काप लगेच काळे पडतात, म्हणून ते लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढा.

संत्रंही मृदुफळच. त्याची एकेक फोड म्हणजे अंडाशयाचा एकेक कप्पा. गंमत पुढे आहे : आपण खातो ते रसाचे दाणे म्हणजे फोडीच्या पापुद्र्यातून आत वाढलेले, रसानं फुगलेले केस! फोड सोलून भिंगाखाली धरा, दाण्याचा बारीक देठ दिसेल.

बोर, आंबा आणि चार (ज्यातून चारोळी निघते ते फळ) ही अश्मगर्भी, म्हणजे आत टणक आठळी असलेली फळं. आठळी म्हणजे बी नव्हे. तो फळाच्याच भिंतीचा सगळ्यात आतला, टणक झालेला थर. बी त्याच्या आत असते. चार फोडल्यावर मिळणारी चारोळी ही खरी बी. बोराची एखादी आठळी फोडून शेजारी ठेवा, नाहीतर मुलांना पटणार नाही.

सीताफळ घोसफळांत. एकाच फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांपासून ते बनतं, एकेक डोळा एकेकाचा. फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात. त्यामुळे परागासाठी बारीक भुंगेऱ्यांवर भिस्त असते. ज्या बाजूला पराग पोचत नाहीत ती फुगत नाही आणि फळ वाकडं होतं. असं एक वाकडं फळ मुद्दाम मांडा.

बिब्याला वेगळी जागा द्या. त्याचं खरं फळ तो काळा भाग. देठाकडचा केशरी, गोडसर भाग म्हणजे फुगलेला फुलाचा तळ. काजूचंही तसंच. मात्र काळ्या सालीतलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, तेव्हा बिबा मुलांच्या हाती देऊ नका, कापूही नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत अख्खाच ठेवा आणि आतली बी दाखवायला बाजारातून सोललेली गोडंबी आणा.