शॉकअप गेला म्हणण्याआधी

पावसात यवतेश्वर चढून कासला जाऊन आल्यापासून सायकलचा पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, अर्ध्यावरच अडकतो, ब्रेक दाबला की 'टक्' वाजतं, आणि दुकानदार म्हणतो नवाच टाका. थांबा जरा. ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

आधी 'टक्'. पुढचा ब्रेक धरून सायकल मागं-पुढं हलवा आणि फ्रेम व फोर्कच्या सांध्यावर बोटं ठेवा. तिथं हालचाल लागली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळा, ढिलाई गेली की चाक सरळ करून बाजूचे घट्ट करा. हँडल जड फिरलं तर जास्त आवळलंय. हालचाल खाली, वरच्या नळ्या फोर्कच्या खालच्या जाड पायांत शिरतात तिथं लागली तर मात्र बुशिंग (नळी ज्यातून सरकते ती आतली रिंग) झिजलंय. स्वस्त फोर्कवर तो खर्च करू नये.

आता अडकणं. कासच्या जांभ्याची लाल माती सीलच्या (पायांच्या तोंडावरच्या रबरी रिंगच्या) ओठाशी बसते. वर वॉशिंग सेंटरचा फवारा मारला असेल तर पाणीही आत गेलं समजा. सीलखाली फोमची रिंग असते, ती तेलात भिजलेली हवी. कोरडी पडली की नळी धरून धरून सरकते. हवेचा फोर्क असेल तर आधीचं प्रेशर लिहून ठेवा आणि सगळी हवा सोडा. हे चुकवायचं नाही. मग पायांखालचे बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यांवर रबरी हातोडीनं हलकेच ठोका, ते काढा आणि पाय खाली ओढा. दुधाळ तेल निघालं तर पाणी शिरलंय. पुसा, फोम तेलात भिजवा, सीलला सस्पेन्शनचंच ग्रीस लावा. गॅरेजमधलं पिवळं ग्रीस नको, डब्ल्यूडी-४० तर नकोच. आत किती तेल घालायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल बघा. स्वस्त स्प्रिंगवाल्या बऱ्याच फोर्कांत नुसतं ग्रीसच असतं.

हे काम साधारण ५० तास चालवल्यावर करतात. आपल्याकडच्या पावसात त्याआधीच.

जोडल्यावर सॅग बघा, म्हणजे नुसत्या वजनानं फोर्क किती दबतो ते. १०० मिमीच्या फोर्कवर नेहमीसारखं बसल्यावर १५ ते २० मिमी दबायला हवं. स्प्रिंगवाल्याची वरची प्रीलोडची (स्प्रिंगवरच्या सुरुवातीच्या दाबाची) चकती फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सॅग बदलतो. वजन जास्त असेल तर स्प्रिंगच बदला. आणि हवेच्या फोर्कला हवा भरून शॉक पंप काढताना 'फुस्स' झालं म्हणून पुन्हा लावून मोजू नका. ती हवा पंपाच्या नळीतली असते. परत लावला की फोर्कमधली थोडी हवा त्या नळीत जाते, काटा खाली दिसतो, आणि माणूस उगाच भरत बसतो.

पण हे सगळं करण्याआधी नळ्या पुसून त्यांवरून नख फिरवा. नख अडकेल इतका ओरखडा असेल तर नवं सीलही गळणार, मग दुकानदाराचं ऐका.